सायकल स्टँडच्या बाजूनं

सात आठवडे चालला तो पिक्चर चाळीसगावात,
रोज तीन खेळ, रविवारी चार,
आणि मी एकदाही पाहिला नाही.
सायकली कोण सांभाळणार?
पितळी बिल्ले, सीटवर खडूचे आकडे,
पाठीशी टॉकीजची भिंत, दीड हात जाड,
रात्री नऊलाही तव्यासारखी,
आणि तिच्यातून गाळून येणारं संगीत.

सहाच्या खेळाला खून सात दहाला व्हायचा.
एवढं मला ठाऊक होतं.
धुळ्याची गाडी उशिरा सुटली
तर तिची शिट्टी नेमकी खुनावर यायची.
कोणाचा खून, ते मात्र नाही.

परवा लोटनच्या नातवानं, हर्षलनं,
ते सगळं फोनवर काढून दिलं.
"आबा, नुसतं म्युझिक. डायलॉग नाही, काही नाही.
ऐका आणि खरं सांगा,
पिक्चरशिवाय उभं राहतं का?"
कापसाच्या कैरीएवढी दोन बोंडं कानात घातली,
सवयीनं पाठ भिंतीला टेकली.

पहिल्याच तुकड्याला दचकलो.
व्हायोलिनं!
ती भिंतीतून कधी आलीच नव्हती.
तीस-चाळीस एकदम,
गुळाच्या ढेपेकडे मुंग्या निघाव्यात तशी.
मला वाटायचं हे संगीत नुसतं खर्जाचं आहे,
आधी सायकलींच्या मडगार्डांना कळणारं,
मग मला.

खरं सांगतो, हर्षल, व्हायोलिनं फार बोलतात.
हे बघ दार. ही बघ कडी. हलली बघ कडी.
दार समोर नसलं की त्यांची घाई
बापुडवाणी वाटते,
नवरदेव आलाच नाही
आणि बँड वाजतोच आहे, तशी.
चौथा तुकडा आणि सहावा एकच,
फक्त सहाव्यात कोणीतरी पळून दमलेलं.
सातव्यात साडेतीन मिनिटं नुसती थरथर.
पडद्यावर तेव्हा काही होत असेल.
इथं ओट्यावर
दूध उतू जाईल का, तेवढीच भीती.

पण नववा.
नवव्यात ते उंच, पोटातून बोलणारे,
हर्षल म्हणाला, डबल बास,
चारच जण असावेत.
काही दाखवत नाहीत.
एक पायरी खाली. थांबणं.
आणखी एक.
गाळ काढायला विहिरीत उतरणारा माणूस
पायानं चाचपत जातो, तसे.
हे उभं राहतं.
याला सुरा लागत नाही, नटी लागत नाही.
मी दोनदा ऐकला आणि दोन्हीदा
तळ आला नाही, बरं वाटलं.

मग ती जागा.
सगळे वादक थांबतात, चार मात्रा.
मी वाट पाहिली.
कारण इथं एक श्वास असतो,
सातशे माणसांनी आत ओढलेला,
त्यात एखादं पोर किंचाळतं,
पुढच्या बाकांवर कोणाची चप्पल घसरते.
सात आठवडे मला वाटत होतं
की तोही लिहिलेला आहे, कागदावर,
कोणीतरी हात वर करतं
आणि सातशे जण मिळून तो घेतात.

फोनमध्ये नाही.
चार मात्रा, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारख्या.
मागे नेलं. पुन्हा रिकामं.
"आबा, तिथं काहीच नाहीये ओ."
तिसऱ्यांदा तो श्वास माझ्याकडूनच घेतला गेला,
एवढा मोठा, की आतून आवाज आला,
"काय व्हयनं तुमले?"

हर्षल वही घेऊन बसला होता.
दहापैकी किती?
सहा, म्हटलं. नवव्याला वेगळे दे.
त्या चार मात्रांचे मार्क
संगीत देणाऱ्याच्या नावावर टाकू नको,
त्या लोकांच्या सायकली माझ्याकडे होत्या.

त्यानं काय लिहिलं कोण जाणे.
मी विचारलं, बरं, शेवटी मेलं कोण?
हर्षलनंही पिक्चर पाहिलेला नव्हता.